कानाशी आलेली मैफल

चांगला आवाज ऐकायला पैसा लागतो, अशी एक समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. ज्याच्या दिवाणखान्यात मोठा कर्णा असलेला ग्रामोफोन, त्याच्याच घरी गाणे. बाकीच्यांनी ओट्यावर बसून कान द्यायचा, हा प्रकार आपल्या आजोबांनी पाहिला. आज कर्णा गेला, ओटाही गेला, पण समजूत तशीच राहिली. आमच्या उमरखेडच्या बाजारात शे-दोनशे रुपयांना इअरफोन मिळतो. तो कानात घालून पोरगा गाणे ऐकतो, आणि "सर, स्वस्तातल्या मालाला आवाज कुठला?" असे म्हणून तो फोनचा आवाज शेवटपर्यंत चढवतो. त्याचे निदानही चुकते आणि औषधही चुकते. ते कसे, हे सांगण्यासाठी मला वाचकांना थोडे मागे, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे मागे न्यावे लागेल. दिवाळीचे दिवस आहेत, फराळाचे ताट शेजारी आहे. तेव्हा एवढा प्रवास जड जाऊ नये.

१८८१ साली पॅरिस शहरात विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे क्लेमाँ आदेर नावाच्या फ्रेंच यंत्रज्ञाने एक नवल मांडले. दोन किलोमीटरांहून अधिक अंतरावरील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर त्याने टेलिफोनचे ध्वनिग्राहक ओळीने बसवले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनात आणल्या. लोक रांगा लावून उभे राहत, एक चोंगा उजव्या कानाला व एक डाव्या कानाला लावत, आणि काही मिनिटे गाणे ऐकून पुढच्यासाठी जागा करून देत. दोन कानांना दोन निराळ्या तारांतून आवाज आल्यामुळे गवई रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालला, की ऐकणाऱ्यालाही ते कळे. ज्याला आपण आज स्टिरिओ म्हणतो, त्याचा हा पहिला जाहीर अनुभव. पुढे १८९० पासून पॅरिसमध्ये त्याचा रीतसर धंदा सुरू झाला; यंत्रात नाणे टाकावे आणि चार घटका नाटक ऐकावे. १८९१ मध्ये एर्नेस्त मेर्कादिए याने कानाच्या भोकात बसतील असे इवलेसे टेलिफोन बनवून त्यांचे पेटंट घेतले. म्हणजे आज पोरांच्या कानांत लोंबणारी बोंडे काही कालपरवाची नाहीत. लोकमान्यांच्या 'केसरी'ला तेव्हा नुकती दहा वर्षे झाली होती.

त्या काळी टेलिफोन केंद्रात बसणारी माणसे दिवसभर तारा इकडून काढून तिकडे खुपसत. त्यासाठी जी पितळी खुंटी बनली, तिचीच नात म्हणजे आपल्या इअरफोनच्या टोकाची साडेतीन मिलिमीटरची पिन. १९१० मध्ये अमेरिकेतील यूटा प्रांतात नॅथॅनिएल बॉल्डविन हा गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बसून डोक्यावर चढवायचे श्रवणयंत्र तयार करीत होता. ते अमेरिकी आरमाराला पसंत पडले आणि मागणी आली. पण स्वयंपाकघरातून किती नग निघणार? तेव्हा मागणी थोडी थोडी करा, असे त्याला कळवावे लागले. सांगायचा मुद्दा हा, की या वस्तूचा जन्मच साधेपणात झाला आहे. एक चुंबक, बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला पातळ पडदा, एवढाच आजच्या बहुतेक इअरफोनचा संसार. विजेचा प्रवाह वेटोळ्यातून गेला की वेटोळे हलते, पडदा हलतो, हवा हलते. यात सोने नाही की हिरे नाहीत. लाखांनी माल निघाला की तो स्वस्त होतो. त्यामुळे स्वस्त म्हणजे टाकाऊ, हा हिशेब इथे दरवेळी जमत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. वीज नव्हती. गायिकेने एका कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचे, आणि त्या हवेच्या जोरानेच सुई मेणावर रेघ ओढायची. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव पुकारी. विजेवर चालणारे मुद्रण १९२५ नंतर आले. तोपर्यंत खर्जातले व फार उंच स्वर तबकडीवर उतरतच नसत. तरीही त्या चिरक्या तबकड्यांनी लोकांना वेड लावले.

या तबकड्या कशाच्या? लाखेच्या. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बसणाऱ्या किड्याची लाख हिंदुस्थानातून परदेशी जाई आणि तबकडी होऊन परत येई. आमच्या तालुक्याचे रान पळसांनी भरलेले आहे. फाल्गुनात ते पेटल्यासारखे दिसते. ज्या झाडाच्या पानावर आपण जेवलो, त्याच्याच जातीच्या झाडाने आपल्याला गाणेही दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ती ग्रामोफोनची सुई. पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरावी, मग फेकावी, असा दंडक होता. कारण झिजलेली सुई आवाज तर बिघडवीच, वर तबकडीही कुरतडी. सुयांचा खर्च नको म्हणून कित्येक जण तीच सुई आठवडाभर चालवीत, आणि मग तबकडी खराब निघाली म्हणून कंपनीच्या नावाने बोटे मोडीत. तिकडे विलायतेत मात्र काही चोखंदळ रसिक बांबूच्या आणि निवडुंगाच्या काट्याच्या सुया वापरीत. त्या तबकडीला जपत व आवाजातला खरखराट कमी करीत. बाभळी-बोरींच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसू येईल. पण त्यात एक शहाणपण आहे. यंत्र तेच, तबकडी तीच. जिथे यंत्र आणि गाणे एकमेकांस टेकतात, तिथे लक्ष द्या, आवाज सुधारतो. पुढच्या साऱ्या इतिहासाचे सार या एका वाक्यात आहे.

याची फार सुंदर साक्ष आकाशात आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे आणि तीत जगभरच्या संगीतात आपल्या गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्या शास्त्रज्ञांनी नुसती तबकडी पाठवली नाही. सोबत सुई दिली, ती कुठे टेकवावी आणि तबकडी किती वेगाने फिरवावी, याच्या आकृत्याही कोरल्या. ऐकणारा कोण असेल, ठाऊक नाही. पण त्याला नीट ऐकू यावे, ही काळजी त्यांनी वाहिली. ती काळजी आपण आपल्या कानाची वाहत नाही.

ग्रामोफोननंतर नभोवाणी आली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले. त्याची ताकद अवघी दीड किलोवॅट. त्या काळी हौशी लोक स्फटिकाचा रेडिओ बनवीत. त्याला बॅटरी लागत नसे, वीज लागत नसे. हवेतून येणाऱ्या लहरींच्या जोरावरच तो चाले. साहजिकच आवाज अगदी क्षीण आणि तो डोक्यावर श्रवणयंत्र चढवूनच ऐकायचा. म्हणून जो तो युक्त्या शोधी: छपरावरची तार लांब कर, ती उंच ने, दुसरी तार जमिनीत ओल असेल तिथे गाड, स्फटिकावरची बारीक तार हलवून हलवून नेमका बिंदू शोध. पैशाने गरीब असलेला श्रोता कष्टाने श्रीमंत होई.

आमच्या उमरखेडला मुंबईचे ते केंद्र फार दूर. नागपूरचे केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले, तेव्हा उमरखेड मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होते. पण नागपूरही इथून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर. अशा अंतरावर दिवसा केंद्र खरखरते आणि रात्री मध्यम लहरी आकाशातून परतून येतात, तेव्हा दूरदूरची केंद्रे येऊन मिसळतात. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. ५६ गीते, दर आठवड्याला एक. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्याकडे आळी जमे. १९५६ मध्ये पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवून पाहिली; कार्यक्रम एकत्र ऐकायचा आणि संपल्यावर त्यावर चर्चा करायची. ऐकणे ही तेव्हा चारचौघांत करायची गोष्ट होती.

ती खाजगी केव्हा झाली? १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला, १९५४ मध्ये तो खिशातल्या रेडिओत शिरला, १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली, आणि १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन विकायला काढला. त्या पहिल्या वॉकमनला श्रवणयंत्रे लावायला दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हलके होऊन शेजारच्याशी बोलता येई. माणसाने एकट्यानेच ऐकत बसणे हे कंपनीचे प्रमुख मोरिता यांना उद्धटपणाचे वाटले होते. लोकांना तसे वाटले नाही. पुढच्या नमुन्यांतून ते बटण गेले, दुसरी जागाही गेली.

कॅसेटच्या काळातल्या युक्त्या तर माझ्या पिढीच्या हाताला अजून आठवतात. कापसाला स्पिरिट लावून टेपचे डोके पुसणे, सैल पडलेली फीत पेन्सिलीने गुंडाळणे. पुसले की झाकोळलेला आवाज असा उजळे, की जणू गवयाच्या तोंडावरचे उपरणेच कुणी बाजूला केले.

मग जर्मनीत एरलांगेन येथील संशोधकांनी एमपी-थ्री ही रीत सिद्ध केली; १९९५ मध्ये तिला हे नाव मिळाले. मोठ्या आवाजाच्या आडोशाला असलेला लहान आवाज कानाला कळत नाही, हे हेरून त्यांनी तो लहान आवाज गाळला आणि गाण्याचे गाठोडे दहा-बारा पट लहान केले. त्यातले प्रमुख ब्रांडेनबुर्ख यांनी परीक्षेसाठी काय निवडावे? सुझॅन व्हेगा हिचे साथीशिवायचे गाणे. वाद्यांच्या गर्दीत दोष लपतात. एकट्या गळ्यात ते उघडे पडतात. आपल्याकडच्या कुठल्याही गुरूने हे त्यांना सांगितले असते.

आता त्या शे-दोनशे रुपयांच्या इअरफोनकडे वळतो, आणि त्यासाठी आधी मिरजेला जातो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी शस्त्रांचे काम सोडून तंबोऱ्याचे काम धरले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक साधा सुती दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की जवारी लागते, आणि तीच तार जी आधी 'टण' म्हणत होती, ती गुंजायला लागते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या गुंजनाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. दोऱ्याची किंमत काय? काही नाही. पण त्याच्या जागेला मोल आहे.

इअरफोनची जवारी म्हणजे त्याच्या टोकाचे रबरी टोपण. डब्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापे येतात. बहुतेक लोक दोन फेकून देतात. टोपण कानात गच्च बसले नाही, की फटीतून हवा निसटते आणि तिच्याबरोबर सगळा खर्ज निसटतो. मग बायाँ वाजतो की लाकडाची पेटी, हे कळत नाही. कान उलट्या हाताने किंचित वर आणि मागे ओढावा, टोपण आत सारावे, कान सोडावा. दोन्ही कानांची मापे सारखी असतातच असे नाही. एका कानाला लहान व दुसऱ्याला मध्यम टोपण लागले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुष्कळ 'खराब' इअरफोन एवढ्यानेच बरे होतात.

याचा दुसरा लाभ मोठा आहे. आमच्या तालुक्याच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. पावसाळ्यात त्याच्याजवळ उभे राहून बोलायचे तर ओरडावे लागते. एसटीत बसून सैल इअरफोनने गाणे ऐकणारा हेच करीत असतो. इंजिनाच्या धबधब्यावर गाणे ओरडायला लावतो. टोपण गच्च बसले की धबधबाच दूर जातो आणि गाणे हळू आवाजातही स्पष्ट येते. मात्र रस्त्याने चालताना किंवा गाडी चालवताना हे करू नये. मागचा ट्रक ऐकू येणे गाण्याहून मोलाचे आहे.

दुसरी गोष्ट सफाईची. टेपचे डोके पुसणारे हात इथे का थांबावेत? इअरफोनच्या जाळीत कानातला मळ साचतो आणि एक बाजू हलकी होते. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशाने झटकावी. पाणी-स्पिरिट घालू नये. फोनच्या भोकात खिशातला कापूस साचला की पिन पुरती बसत नाही, तेही पाहावे.

तिसरी गोष्ट गाण्याच्या मुळाची. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पाठवताना वाटेत कित्येकदा दाबलेले गाणे म्हणजे पाचवेळा उकळलेला चहा. गाण्याच्या ॲपमध्ये आवाजाची प्रत निवडायची सोय असते. ती वरची ठेवावी. ब्लूटूथवर बोलण्याचा माईक चालू झाला, की गाण्याची वाट अरुंद होते आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो. तो इअरफोनचा दोष नव्हे. माईक बंद होताच आवाज परततो.

चौथी गोष्ट इक्वलायझरची, म्हणजे स्वरांचे पट्टे कमीजास्त करण्याच्या सोयीची. इथे सर्वांचा हात खर्ज वाढवण्याकडे जातो. स्वयंपाक करणारी बाई सांगेल, की भाजीत मीठ फार झाले तर तिखट वाढवून भागत नाही. 'स' आणि 'श' कानाला टोचत असतील, तर सहा ते आठ हजारांच्या आसपासचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवावा. आवाज घुमत असेल, तर दोन-तीनशेचा पट्टा थोडा उतरवावा. वाढवायचेच असेल, तर एकूण आवाज आधी तेवढा कमी करावा, नाहीतर सूर फाटतो. आणि दोन मांडण्यांची तुलना करताना दोन्हींचा मोठेपणा सारखा ठेवावा. कारण जे मोठे ते कानाला चांगले वाटते. या भोळेपणावर पुष्कळांची दुकाने चालतात. परीक्षेला तंबोरा घ्यावा. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार जर कानी पडला, तर तुमचा इअरफोन उत्तीर्ण. पडदाच कुचका असेल, तर मात्र कोणताही पट्टा त्याला तारणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पाचवी युक्ती फार थोड्यांना ठाऊक आहे. फोनच्या सेटिंगमध्ये, अपंगांसाठीच्या सोयींत, 'मोनो' नावाचे एक बटण असते. ते दाबले की डावा-उजवा भेद मिटून पूर्ण गाणे दोन्ही बाजूंना येते. २०२० च्या टाळेबंदीत एकाच फोनला एकच इअरफोन लावून भाऊ-बहीण धडा ऐकत, एक बोंड याच्या कानात, एक तिच्या. स्टिरिओ मुद्रणात अशा वेळी प्रत्येकाला निम्मेच मिळते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक एका कानाने पूर्ण बहिरे आहेत. त्यांची समजूत अशी, की वयामुळे जुन्या गाण्यांतली सारंगी आपल्याला ऐकू येईनाशी झाली. सारंगी दुसऱ्या बाजूला होती. ते बटण दाबून दिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तेच गाणे पुन्हा लावायला सांगितले.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी एवढा खटाटोप केला, ती सांगतो. आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकला तरी चालेल, ९० चा आठवड्यातून ४ तास, १०० चा जेमतेम २० मिनिटे. दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि मुदत निम्मी. फटाक्यांसाठीसुद्धा आपल्याकडे ४ मीटरवरून १२५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तो तर क्षणाचा. पोरगा मात्र तासन् तास पडद्यापासून बोटभर अंतरावर शेवटच्या खुणेपर्यंत चढवलेला आवाज घेत बसतो. का? तर इअरफोन स्वस्तातला, म्हणून खर्ज कमी. खर्ज कमी, म्हणून आवाज वाढव. जे काम रबराच्या टोपणाने फुकट झाले असते, त्यासाठी तो कानाचे भांडवल खर्च करतो. रात्री कानात शिटी वाजल्यासारखे होते असे वर्गातली मुले मला सांगतात, तेव्हा मी त्यांना फोन टाका म्हणत नाही. ते ऐकणारही नाहीत. मी त्यांना टोपणे बदलायला सांगतो, आवाज निम्म्याच्या जवळपास ठेवायला सांगतो, तासाभराने कान मोकळे करायला सांगतो. शिटी थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जा म्हणतो.

पन्नास वर्षांनी त्यांचा फोन राहणार नाही, इअरफोन तर वर्षभरही टिकणार नाही. कान मात्र तेच राहतील. नातवाचे बोबडे बोल, देवळातली काकड आरती, पहिल्या पावसाचे पत्र्यावरचे थेंब, हे सारे त्याच पंधरा हजारांच्या पुंजीतून ऐकायचे आहे.

या दिवाळीत घरातल्या पोराला नवा इअरफोन घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. पण डब्यातली ती दोन टोपणे कचऱ्यात जाऊ देऊ नका. फराळ झाल्यावर पोराला शेजारी बसवा, एकेक लावून पाहा. मोनोचे बटण दाबा, एक बोंड त्याला द्या आणि दुसरे आजीच्या कानात घाला.